वरच्या तांड्याचं पाणी

१२ एप्रिल २०२५
देवसिंग नाईक तांडा, फुलसावंगीजवळ

भिया,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, पुसलं. सहा वर्षांनी भावाला पहिलं पत्र लिहायचं आणि सुरुवातच खोटी करायची, हे बरं नाही. फोन तू उचलत नाहीस. प्रकल्पाच्या पानावर लिहावं तर सगळं जग वाचतं. म्हणून ही मेल. आर्णीच्या बसस्टँडचा विषय मी काढणार नाही, घाबरू नकोस. काम आहे, कामापुरतंच बोलते.

पाण्याचे टँकर गावोगाव धाडणाऱ्या तुमच्या प्रणालीवर याडीचं नाव लावून, 'मानीची लेक' म्हणून सुधारणा पाठवणारी मीच, हे तू केव्हाच ओळखलं असशील. मी चुकले की तू 'पुन्हा बघ' एवढंच लिहितोस. लहानपणी पाटीवर गणितं घालायचास, तेव्हाही तेवढंच म्हणायचास. तू बंगलोरला बसून मंजूर करतोस, मला इथे मानधन मिळतं, आणि तुझं ते 'मंजूर' हेच दोन वर्षांतलं आपलं बहीणभावाचं बोलणं. तक्रार नाही. पुष्कळ घरांत तेवढंही होत नाही.

तर काम असं. जुन्या सरकारी कागदांत नाव आहे, पण नकाशावर ठिकाण नाही, अशा वस्त्यांची यादी तुम्ही गेल्या महिन्यात टाकली. ठिकाण शोधून द्यायचं, तिथे टँकर जाणार, पाणी मिळालं असं तिथलं माणूस फोनवर बोलून सांगणार, मग शोधणाऱ्याला मानधन. वस्ती उठून गेली असेल तर तसं लिहायचं, पण त्याचं मानधन नाही. हे सगळे नियम तुझेच. ओपन सोर्स म्हणजे लोकांनी फुकट राबायचं आणि सरकारनं त्यावर आपली खाती चालवायची, हे बंद झालं पाहिजे, असं तू केवढं मोठं लिहिलं होतंस. मी दोनदा वाचलं आणि माझा ऊर भरून आला. पण एक सांगते. सापडण्याचे पैसे आहेत आणि नसण्याचे नाहीत म्हटल्यावर जगात काहीच नसलेलं उरत नाही.

त्या यादीत 'शंकरसिंग नाईक तांडा' होता. आपल्यात तांड्याला नाव नायकाचं. नायक बदलला की नाव बदलतं, तांडा उठला की जागा बदलते, आणि सरकारला वाटतं हे दोन तांडे आहेत. शंकरसिंग नाईक तांडा म्हणजे आपलाच, डोंगराच्या वरच्या माळावर होता तेव्हाचा. पटकीची साथ आली, नायक स्वतः गेला, आणि उरलेले लोक खाली उतरून इथे बसले. तू नि मी जन्मायच्या आधीची गोष्ट. कोणीही शहाणा माणूस 'उठून गेला' असं लिहून मोकळा झाला असता. मी ठिकाण टाकलं. लॅपटॉपची बॅटरी गेली होती, नवीला पैसे हवे होते, दुसरं काही मोठं कारण नाही.

मग फॉर्मनं लोकसंख्या विचारली. शून्य तो घेईना. याडी शेजारी बसून तूर पाखडत होती. मी थट्टेनं म्हटलं, याडी, हे यंत्र शून्य घेत नाही, वरच्या तांड्यात किती माणसं लिहू? मला वाटलं हसेल. तिनं सूप खाली ठेवलं.

"शून्य कसं लिहिशील वं? आहेत ना तिथं आपले," ती म्हणाली. मग बोटांवर मोजत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अकरा लिही."

मी अकरा लिहिलं आणि तू मंजूर केलंस. खात्यानं माळावर काळी टाकी नेऊन ठेवली, आणि या आठवड्यात टँकर गेला. टँकरवाला आर्णीचा फुलचंद. यंदाच आलाय, त्याला इकडचं काही माहीत नाही. माणशी ठरलेलं पाणी मीटरनं टाकीत सोडायचं आणि पुढच्या गावाला जायचं, एवढंच त्याचं काम. मला वाटलं रिकामा माळ पाहून तो बोंब मारेल, मग मी चूक झाली म्हणून नोंद मागे घेईन. येताना तो आपल्या अंगणात पाणी प्यायला थांबला आणि भलतंच बोलला.

"ताई, तुमच्या वरच्या तांड्यातल्या बाया लय लाजाऊ हायेत. सगळ्या पाठ करून उभ्या राह्यल्या. मी म्हटलं या, भरा, त कोणी तोंड नाही दाखवलं."

मी विचारलं, नेसल्या काय होत्या. तो म्हणाला, फेटिया-कांचळी, आरशांची, आणि दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आता तूच सांग, आपल्याकडे ते कोण घालतं? याडीचा फेटियासुद्धा कधीचा पेटीत आहे.

आज मानधन जमा झालं. म्हणजे पाणी मिळालं असं तिथून कोणीतरी सांगितलं. भिया, ती नोंद काढून टाक. पैसे परत घ्या, माझं नाव काळ्या यादीत घाला, काहीही करा.

बबिता

१९ एप्रिल

भिया,

उत्तर नाही. पण पत्र उघडलंस, ते मला इथे दिसतं. तेवढं तंत्र मलाही येतं.

ठिकाण शोधणाऱ्याला पाणी मिळाल्याचा आवाज ऐकायची सोय आहे, ती मी इतके दिवस वापरली नव्हती. धीर होत नव्हता. काल दुपारी ऐकला. घरभर ऊन पडलेलं, याडी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, मी दारात बसून हेडफोन लावले. आधी टँकरचं इंजिन, मग फुलचंद म्हणतो, बोला. मग नुसता वारा. मला वाटलं एवढंच आहे, संपलं.

मग एक बाई म्हणाली, "पाणी मळगो." आपल्या बोलीत, स्वच्छ. पाणी मिळालं. मग दुसरी बाई तेच म्हणाली. मग एक म्हातारा खोकला आणि त्यानं तेच म्हटलं. एकामागून एक, रांगेत उभे असल्यासारखे. प्रत्येकानं एकदाच, आणि कोणी कोणाच्या मध्ये बोललं नाही. शाळेत हजेरी देतात तसं. शेवटचा आवाज लहान पोरीचा होता.

पण खरं पुढेच आहे. चुलीपासून याडी म्हणाली, "तो खोकते तो सेवादास. तवाही खोकेच."

हेडफोन माझ्या कानात होते, भिया. बाहेर काहीच ऐकू जात नव्हतं. मी काढून तपासलं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, शेवटची पोरगी कोण. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग तिनं सांगितलं. तुला हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. मला नव्हतं. आपल्या आधी एक होती. रामी. तीन वर्षांची असताना त्या साथीत गेली. मोठ्यांना जाळलं, लेकरांना जाळत नाहीत, म्हणून तिला मोहाच्या झाडाखाली ठेवलं. मग तांडा उठला.

तांडा उठताना आपल्यात एक रीत होती म्हणे. आता तांडे उठतच नाहीत, म्हणून रीतही कोणाला ठाऊक नाही. मागे राहिलेल्यांपाशी जाऊन घरच्या माणसानं बसायचं आणि सांगायचं, 'बस इथंच, पाणी घेऊन येतो.' मग उठायचं आणि मागे न बघता चालायला लागायचं. काहीच न सांगता गेलं तर ते उठून मागे मागे येतात. असं सांगितलं की बसून राहतात, वाट बघत. बा तर मर्द माणूस, त्याच्यानं बोलवेना. म्हणून रामीला हे याडीनंच सांगितलं. तेव्हा ती माझ्याहून कितीतरी लहान होती.

"मी तिले फसवलं ना वं," याडी म्हणाली. "सगळ्यायनं आपापल्याले फसवलं. आता तूनं पाणी पाठवलं, बरं केलं."

मी पाठवलं नाही, भिया. तुझ्या मंजुरीनं गेलं. पण तिला कोण समजावणार. तिनं काल भाकरी गोड मानून खाल्ली, कधी नव्हे ते दोन खाल्ल्या.

नोंद काढ. हात जोडते.

बबिता

२ मे

भारत,

तुझं उत्तर मिळालं. 'नोंद काढायची तर अधिकार असलेल्या व्यक्तीनं जागेवर जाऊन पाहणी करावी लागते.' बस्स. ना वर नाव, ना खाली नाव. सरकारी कारकूनसुद्धा खाली सही करतो.

तो नियमही तुझाच. कुण्या पुढाऱ्यानं सांगितलं म्हणून गरिबाच्या वस्तीचं पाणी घरबसल्या तोडता येऊ नये, म्हणून तू तो घातलास. चांगला नियम आहे. मग ये की. अधिकार तिघांना आहे, त्यांतले दोघे दिल्लीचे, त्यांना फुलसावंगी नकाशावरसुद्धा सापडायची नाही. उरलास तू. पाहणी कर आणि जा. आमच्याकडे चहा घेतला नाहीस तरी चालेल.

तू येत नाहीस तोवर इथे काय चाललंय ते ऐक. याडी आता वर जाऊन बसते. टँकर येतो त्या दिवशी सकाळीच पेटीतून फेटिया काढते, नेसते आणि निघते. त्या कपड्यांत मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, या उन्हात कुठे, तर म्हणते, "पाणी त पोचलं. पण मी नुसतं पाणी नव्हतं म्हटलं. येतो म्हटलं होतं. ते राह्यलं ना."

मी पहिल्यांदा रागावले, मग दाराला कडी लावली, मग रडले. ती कडी काढून गेली. परवा मीही मागोमाग गेले.

तू तो माळ पाहिला नाहीस. आपल्याला तिकडे जाऊच देत नसत, आठवतं? गुरंसुद्धा कोणी तिकडे चारत नाही. वर नुसता खडक, पळसाची खुरटी झुडपं, बुजलेली विहीर आणि दोन मोहाची झाडं. भर दुपार होती, सावली कुठे पडायला जागा नव्हती. पण माळ झाडलेला होता. अंगण झाडतात तसा, झाडूच्या रेघांसकट. चुलीचे जुने दगड तीन तीन करून मांडलेले होते आणि त्यांच्या भोवतीची माती ओली होती. मी टाकीपाशी गेले. फुलचंद नुकताच उतरून गेला होता, त्याच्या टँकरची धूळ अजून हवेत होती. टाकी ठणठणीत कोरडी. तोटी बंद. खाली एक थेंब सांडलेला नव्हता.

याडी मोहाखाली बसली होती. एकटी बसलेलं माणूस झाडाच्या खोडाला टेकून ऐसपैस बसतं की नाही? ती तशी बसली नव्हती. पंगतीत बसतात तशी अंग चोरून बसली होती, दोन्ही बाजूंना जागा सोडून. मांडीवरचा पदर एका बाजूला ओढलेला होता, लहान मूल धरून ओढतं तसा. मी हाक मारली. तिनं ओठावर बोट ठेवलं, निजवलेलं लेकरू उठू नये म्हणून ठेवतात तसं.

मी काही पाहिलं नाही. हे तुला प्रामाणिकपणे सांगते, कारण तू पुरावा मागणारा माणूस. बाई नाही, म्हातारा नाही, पोर नाही. फक्त मी जिथे उभी होते तिथून मला पुढे जाता येईना. गर्दीच्या घरात दारात थबकतो ना आपण, कोणाच्या पायावर पाय पडेल म्हणून, तसं झालं.

संध्याकाळी ती आपणहून उतरली. पण प्रत्येक वेळी उशिरा उतरते. आणि खाली आल्यावर माझ्याशी असं बोलते की जणू मीच पाहुणी आहे आणि चार दिवसांनी जाणार आहे. मला भीती भुताखेतांची नाही रे. एक दिवस ती उतरणार नाही, याची आहे. ऊन तर असं आहे की चाळीस वर्षांचा गडी पडावा.

बबिता

९ मे

भिया,

स्टँडचा विषय काढणार नाही असं म्हटलं होतं. काढते आहे.

नोंद निघत नसेल तर आकडा तरी तपासावा, असं मनात आलं. काल याडीला जेवायला वाढलं आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, वर कोण कोण आहे. ती आनंदानं सांगू लागली. शंकरसिंग नाईक. त्याची बायको. सेवादास. कोणाची सासू, कोणाचा दीर, दोघी जावा, एक बाळंतीण, तिचं बाळ. शेवटी रामी. मी मनात मोजत होते. दहाच झाले.

मी म्हटलं, याडी, तू अकरा सांगितलेस.

"अकराच आहेत."

मी म्हटलं, मग एक नाव राहिलं. ती म्हणाली, नाही राहिलं. मी पुन्हा मोजून दाखवलं, तुझ्यासारखी 'पुन्हा बघ' म्हणाले. तिनं ताटातला हात थांबवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अगदीच खुळी आहे.

"मले नाही धरलं का तू?"

भिया, बा गेल्यावर तू तिला बंगलोरला न्यायला आला होतास. तिनं कोंबड्या वाटल्या, पेटी बांधली, तांडाभर सांगत फिरली की माझा पोरगा मला विमान दाखवणार. आर्णीच्या स्टँडवर तू तिला बाकावर बसवलंस. पुढचं मला एवढंच माहीत होतं की बस गेली आणि तू त्या बसमध्ये होतास. संध्याकाळी तिथल्या चहावाल्यानं मला फोन केला, मी जाऊन तिला घेऊन आले. ती तेव्हा एक शब्द बोलली नाही, आजवर तुला दूषण दिलं नाही. तुझ्या बायकोला नको होतं, की ऐन वेळी तुझाच धीर सुटला, ते तुझं तुला ठाऊक. मी तुला शिव्या घातल्या, कोडगा म्हटलं. पण तू जाताना तिला काय सांगून गेलास, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

काल तिनं सांगितलं. तू म्हणालास, "याडी, बस इथंच. पाणी घेऊन येतो."

तुला ती रीत माहीत नव्हती, मी शपथेवर मानायला तयार आहे. बाटली आणायला जातो, इतकंच तुझ्या मनात असेल. कदाचित खरंच आणायला गेला असशील आणि मग बस दिसली असेल. पण तिला तर माहीत होती ना. तिनं स्वतः ते वाक्य मातीला सांगितलेलं. ते कोणाला सांगतात, ते तिला चांगलं ठाऊक. तू उठून चालायला लागलास आणि मागे बघितलं नाहीस. तिनं मान्य केलं. सहा वर्षं ती या घरात जेवते, तूर पाखडते, मला ओरडते, पण तिच्या हिशेबी ती तेव्हापासून मागे राहिलेल्यांत आहे. मी तिला लोकसंख्या विचारली, तर तिनं स्वतःला धरून सांगितली. आणि आपण दोघांनी, एकानं लिहून आणि एकानं मंजूर करून, ते सरकारी नकाशावर नोंदवलं.

ते वाक्य तू सांगितलंस, तेव्हा ते मोडायचं तर तुलाच. माझ्या सांगण्यानं ती हलत नाही, मी करून पाहिलं. नोंद राहू दे. त्या दहा जणांना पाणी मिळू दे, इतकी वर्षं बसले आहेत बिचारे. तू फक्त ये, एक बाटली पाणी घेऊन ये, आणि तिच्या हातात दे. दुसरं काही बोलू नकोस. माफी वगैरे तर मुळीच मागू नकोस, तिला तसलं समजत नाही.

वाट बघते.

तुझी बबिता

१४ मे

भिया,

हे वरून लिहिते आहे, मोहाखालून, फोनवर. इथे खडकावर उभं राहिलं की रेंज येते.

सकाळी तुझी सूचना आली. 'लोकसंख्या अकराऐवजी दहा. मंजूर.' मूर्खासारखी मी आनंदले. अंगणात नाचायचंच बाकी होतं. वाटलं, तू आला नाहीस पण निदान तिला त्यांतून काढलंस. आकडा कमी करायला पाहणी लागत नाही, ही पळवाट तुझ्या नियमात आहे, आणि ती तुला सापडली. तुला अशा वाटा बऱ्या सापडतात. मी याडीला काही सांगितलं नाही. ती नेहमीसारखी फेटिया नेसून गेली, मी कामं आटपून स्कूटीनं आले.

फुलचंद मला वाटेत भेटला. म्हणाला, आज मीटर लवकर बंद झालं, एका माणसाचं पाणी कमी केलं वाटते. मग म्हणाला, "ताई, आज त्या बाया वळल्या होत्या. पह्यल्यांदा. माह्याकडं नाही, तुमच्या आईकडं पाहून राह्यल्या होत्या." आणि आणखी न थांबता गाडी घेऊन गेला. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर द्या म्हणून सांगणार आहे म्हणे.

याडी नेहमीच्या जागी बसली आहे. टाकी कोरडी आहे, माती ओली आहे, सगळं तसंच. पण तिचे ओठ सुकून पांढरे पडलेत. मी विचारलं, पाणी प्यायली नाहीस का. ती हळू आवाजात म्हणाली, "आज माह्या वाट्याचं आलंच नाही. सगळ्यायचं आलं. माहंच नाही आलं."

तिला तो आकडा कोणी सांगितला, भिया? तो तू बदललास आणि मी वाचला. फुलचंदला मीटर कळलं, पण कमी झालेलं माणूस कोण, ते तिसऱ्या कोणाला माहीत नाही.

माझी बाटली चढावरच संपली होती. मी म्हटलं, याडी, चल खाली, घरी पाणी पी. ती म्हणते, इथून उठता येत नाही, उठायचं असतं तर बसवलं कशाला असतं. मी हाताला धरून ओढलं. ती वजनाला आहेच केवढी, तूर पाखडून पाखडून काडी झाली आहे. पण मला हलवता आली नाही. मी देवसिंग नायकांना फोन लावला. ते म्हणाले, तिला घेऊन ये बाई, पण ऊन उतरल्याशिवाय त्या माळावर आमच्यातलं कोणी चढणार नाही. ऊन उतरायला अजून खूप वेळ आहे, आणि मघापासून ती बोलायची थांबली आहे. नुसती माझ्या तोंडाकडे बघते आहे, तहानलेलं माणूस बघतं तशी.

स्कूटी इथेच उभी आहे. खाली जायचं, घागर भरायची आणि यायचं, एवढंच काम. मी दोनदा उठले. पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि जे वाक्य ओठांवर आलं ते दातांखाली धरून परत बसले. दुसऱ्यांदा मुकाट्यानं चालायला लागले, तर मागे तिच्या बांगड्या वाजल्या. वळून बघितलं तर ती जागची हलली नव्हती. वाजल्या मात्र पुष्कळ जणींच्या.

सांगून जाता येत नाही आणि न सांगता जाता येत नाही. तू शहाणा आहेस, नियम लिहिणारा आहेस. तिला पाणी हवं आहे, भिया. मी आणायला जाते, पण जाताना तिला काय सांगून जाऊ, तेवढं कळव.

बबिता